खानावळवालीची साक्ष

मामाजी, झालं! तुमची सून डॉक्टर झाली. सुई टोचणारी नाही, इंग्रजी कादंबरी कशी जन्मली ते सांगणारी. तोंडी परीक्षा होऊन आज सहा दिवस झाले आणि तुम्हाला मी आत्ता सांगते आहे, कारण मधले पाच दिवस मला सांगायला तोंड नव्हतं. का नव्हतं ते सांगतेच, पण आधी आनंदाचं सांगू द्या, नाहीतर मी फुटून जाईन. अमरावतीला त्या खोलीत सगळे माना वर करून ऐकत होते हो! चौथं प्रकरण सुरू झालं तशा बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "हे पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. आमचे मार्गदर्शक सर सहा वर्षांत माझ्याकडे बघून कधी हसले नव्हते, ते हसले.

तुम्ही जाऊन बावीस दिवस झाले. तेरवी आटोपली आणि तिसऱ्या दिवशी मी अमरावतीची गाडी धरली. शेजारच्या बायका कुजबुजल्या, मांडव निघाला नाही अन् ही निघाली. मी मागं फिरणारच होते. सासूच माझी, पण आत्याबाईंनीच माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली आणि म्हणाल्या, "जाय तू. त्याईनं ऐकलेलं पुस्तक हाय ते."

आणि बघा, मी तुमच्याशी बोलते आहे! तुम्हाला "तुम्ही" म्हणते आहे! लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तुम्ही होता तोवर आपण एकमेकांशी थेट एक शब्द बोललो नाही. कुणाला वाटेल भांडण होतं. भांडण कसलं डोंबलाचं! आपल्या घरची रीत. सासऱ्यानं सुनेला तोंडावर काही म्हणायचं नाही, सुनेनं डोक्यावर पदर घेतल्याशिवाय सासऱ्यासमोर यायचं नाही. चहा पाहिजे असला की तुम्ही वसरीत बाजेवर बसल्या बसल्या आत्याबाईंना विचारायचात, "चहा झाला काय वं?" आणि मी आतून म्हणायचे, "आत्याबाई, मामाजीले सांगा, उकळून राह्यला." सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. तरी निरोप आत्याबाईंच्याच तोंडून जायचा. मी पडले घाटावरची, उंद्रीची. माझ्या माहेरी ही रीत केव्हाच मोडली होती. पहिलं वर्षभर मला असा राग यायचा की काय सांगू. शेगावला कॉलेजात, तासिका तत्त्वावर का होईना, मी वर्गभर पोरांना इंग्रजी शिकवायचे, आणि घरी येऊन स्वतःच्या सासऱ्याला जेवायला बोलवायचं तर मध्ये माणूस लागायचा.

मग आपल्या घरात खानावळवाली आली.

त्या कादंबरीचं खरं नाव पानभर लांब आहे. तुमच्या तोंडी ती खानावळवालीच. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी बंदरातली विधवा, खलाशांना जेवू घालणारी, आपली हकीकत आपणच सांगते. तेव्हा कादंबरी नुकती कुठं उभी राहत होती. मनानं रचलेली गोष्ट म्हटलं की भले लोक नाक मुरडायचे, म्हणून लिहिणारे सुरुवातीलाच शपथ घ्यायचे की हे खरं आहे, हे कागद आम्हाला एका पेटीत सापडले, आम्ही नुसते छापले. माझा प्रबंध याच गोष्टीवर होता. राजाराणी सोडून लोक अचानक खानावळवालीची गोष्ट का वाचायला लागले? तिचं खरं का मानायला लागले?

एका दुपारी आत्याबाई मिरचीचे देठ खुडत होत्या आणि मी शेजारी बसून पुस्तक वाचत होते. त्या म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचतं? मलेबी सांग." मी वाक्य वाचायचे आणि आपल्या बोलीत सांगायचे. बाईवर आळ आला होता. एका व्यापाऱ्याच्या वखारीतून कापडाचा गठ्ठा गेला आणि सगळ्यांनी बोट हिच्याकडे दाखवलं. शिपाई दारात आले. नेमका तेव्हाच कॉलेजातून फोन आला आणि मी उठून परसात गेले. बोलून परत आले तर तुम्ही बाजेवर पाठमोरे बसलेले, आणि भिंतीला सांगावं तसं म्हणालात, "विचार वं तिले, मंग त्या बाईचं काय झालं?"

मामाजी, माझ्या अंगावर काटा आला! पुस्तकांमध्ये वाचलं होतं की त्या काळी एक जण वाचायचा आणि सगळं घर ऐकायचं, स्वयंपाकीण हातातलं काम टाकून दाराशी उभी राहायची. वाचलं होतं आणि टिपण काढलं होतं. आणि इथे वरवट बकालला माझे सासरे, जे मला कधी "मीठ कमी आहे" सुद्धा म्हणाले नाहीत, ते एका इंग्रज बाईच्या काळजीनं बोलले होते. मी आत्याबाईंना म्हटलं, "मामाजीले सांगा, नेलं तिले धरून." तुम्ही "अरारा" म्हणालात. ते "अरारा" मला आलेलं पहिलं उत्तर. मधल्या माणसाशिवाय आलेलं.

त्यानंतर ज्या दिवशी मला तास नसायचा त्या दुपारी वाचन ठरलेलं. तुम्ही वांग्याच्या वावरातून लवकर यायला लागलात. आत्याबाई दोन दिवस लोणारला बहिणीकडे गेल्या तेव्हाची गंमत आठवते? तुमचे चिरंजीव दिवसभर कामावर, निरोप पोचवायला कुणी नाही, आणि गोष्ट तर कोर्टात येऊन थांबलेली. तुम्ही म्हशीला पाणी पाजता पाजता म्हणालात, "काय वं म्हशी, आज काही वाचन नाही काय?" मी पण कमी नाही. मी दाराआडून म्हटलं, "म्हशी, सांग मामाजीले, चहा घेऊन बसा, सुरू करते." दोन दिवस आपण म्हशीच्या तोंडून बोललो. तिसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या आणि त्यांना कळलं, तर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आणि मग तो दिवस. कोर्टात खानावळवाली सांगते की कापड वखारीत कुठे होतं ते मी पाहिलं होतं, पण घेतलं नाही. तिसरं फडताळ, निळ्या काठाचं कापड, वर सुतळी, सुतळीला दोन गाठी, एक सैल, एक घट्ट. मला हे वर्णन फार आवडायचं. मी आत्याबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बघा, इथेच कादंबरी जन्मली. याआधी गोष्टीत सुतळीची गाठ कुणी मोजली नव्हती. एवढं बारीक सांगते म्हणजे खरंच सांगते, असं वाचणाऱ्याला वाटलं. सगळे विद्वान हेच म्हणतात.

बाजेवरून तुम्ही म्हणालात, "सांग तिले, खोटं बोलून राह्यली ते."

"आत्याबाई, विचारा मामाजीले, काऊन?"

"दोन गाठी? एक सैल, एक घट्ट? सांग तिले, मी धुऱ्याच्या, बांधाच्या भांडनात चाळीस वर्सं पंच म्हनून बसलो. ज्यानं खरंच पाह्यलं त्याले इचारलं, तं तो डोकं खाजवते. म्हनते, असन बाप्पा, बैल होता, कोन्या रंगाचा ते ध्यानात नाही. अन् जो बैलाच्या येसनीचा रंग सांगते ना, तो घरून पाठ करून येते."

मी चिडले. चिडले म्हणजे चांगलीच चिडले! म्हटलं, आत्याबाई, मामाजीले सांगा, हे धुऱ्याचं भांडण नाही, हे साहित्य आहे. आत्याबाईंनी निमूट सांगितलं. तुम्ही म्हणालात, "साक्ष ते साक्ष." आणि तंबाखू मळायला लागलात. खरं सांगू? मला शेवट माहीत होता. पण तुम्हाला तो आधी कळू द्यायचा नव्हता, म्हणून मी त्या बाईची वकिली करत राहिले. पावसाळाभर आपलं हेच चाललं. मी नवीन पान काढायचे आणि तुम्ही एकच म्हणायचात, चोरलं तिनं. आत्याबाई मध्ये बसून इकडचं तिकडं, तिकडचं इकडं करून थकून जायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमी दोघं कोर्टातच काऊन नाही जात?"

नंतर एके दिवशी तुम्ही आपणहून बोललात. वाचन सुरूही नव्हतं. मी कपडे वाळत घालत होते. तुम्ही आत्याबाईंना हाक मारलीत आणि म्हणालात, "तिले सांग, मी लय इच्यार केला. ते बाई खोटं बोलली म्हनून वाईट नाही. पाटलाले कोनी इचारते काय, सुतळीले किती गाठी होत्या? पाटील म्हनते, नाही घेतलं. झालं, संपलं. ज्याचा सबद कोनी मानत नाही ना, त्यालेच गाठी मोजा लागते."

मामाजी! माझ्या हातातली ओली साडी खाली पडली, मातीत. मी ती तशीच टाकून आत पळाले आणि कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून काढलं, कारण वही शोधायला धीर नव्हता. अहो, हेच तर होतं! तीन वर्षं मी ज्याच्या मागं धावत होते ते हेच! कादंबरी ज्यांनी उभी केली त्या गोष्टी कुणाच्या होत्या? मोलकरणी, खलाशी, विधवा, अनाथ पोरी. ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती असे सगळे. म्हणून त्यांच्या तोंडी एवढी फडताळं, एवढी कापडं, एवढ्या गाठी. राजाची गोष्ट सांगणाऱ्याला हे कधी लागलं नाही. विद्वान म्हणतात बारीक तपशील आला म्हणून खरेपणा आला. तुम्ही म्हणालात, खरं मानत नव्हते म्हणून तपशील आला. माझा प्रबंध तुम्ही उलटा करून सरळ उभा केला होता. आणि आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या, "तिकडे इचारून राह्यले, साडी काऊन टाकली म्हनून?"

मी म्हटलं, "सांगा, काही नाही, हातून निसटली."

बघा. इथून सुरू झालं माझं. त्याच वेळी सांगायला हवं होतं की मामाजीले सांगा, त्यायचं म्हननं मले पटलं. तुम्ही जिंकलात. पण मी पडले मानी. वाटलं, आधी नीट लिहून काढू, मग सांगू. चौथं प्रकरण अकरा दिवसांत लिहिलं, इतक्या आनंदात आजवर काहीच लिहिलं नव्हतं. ते टाईप झालं, सरांना आवडलं, आणि कुठेतरी ते माझं होऊन गेलं. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानायचे असतात, तिथे मी लिहिलं, सासरच्या मंडळींनी सहकार्य केले. सहकार्य! जसं काही तुम्ही मला नुसतं सायकलवर स्टँडपर्यंत सोडलं होतं.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही अंथरुणावरून आत्याबाईंना विचारलंत, "त्या बाईचं शेवटी काय झालं, विचार ना वं." कादंबरीची शेवटची पानं आपली राहूनच गेली होती, मी टायपिंगच्या गडबडीत होते. मी म्हटलं, "सांगा मामाजीले, परीक्षा होऊ द्या, मंग एका बैठकीत सगळं वाचते." तुम्ही "हाव" म्हणालात. मला ते "हाव" आता झोपू देत नाही, मामाजी.

तर ऐका. चोरलं होतं! तुमचंच खरं! शेवटून तिसऱ्या पानावर ती कबूल करते, म्हातारी झाल्यावर, आणि कबुली केवढी आहे माहीत आहे? एक ओळ. कापड मी घेतलं होतं. बस. फडताळ नाही, काठ नाही, गाठ नाही. ती ओळ मी दहा वेळा वाचली होती, पण ती इतकी उघडी आहे हे मला तुम्ही बोलल्यावर दिसलं. तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून म्हणाला असता, "सांग तिले! सांगतलं होतं का नाही?" मी ऐकायला आसुसले होते हो. हरायला इतकी उतावीळ मी कधीच नव्हते.

आता ते सांगते ज्यानं माझं तोंड बंद झालं होतं. परीक्षक बाईंनी चष्मा पुन्हा घातला आणि विचारलं, "हा विचार मी कुठल्याही टीकाग्रंथात वाचलेला नाही. तुम्हाला कुठून सुचला?" खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मला नुसतं एवढं म्हणायचं होतं की माझ्या सासऱ्यांनी सांगितला. पण मला भीती वाटली. वाटलं, हसतील. चौथी शिकलेल्या माणसाच्या बोलण्यावर आख्खं प्रकरण? वाटलं, एवढ्यात सगळं ढासळेल. आणि मी बोलायला लागले. म्हटलं, दोन वर्षांपूर्वी इथल्याच ग्रंथालयात बसले होते, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर, बाहेर एक फांदी काचेला घासत होती, समोरच्या पानाच्या कोपऱ्याला शाईचा डाग होता, आणि तेव्हा अचानक सुचलं. बाईंनी मान डोलावली. त्यांना पटलं. मला मात्र बाजेवरून स्पष्ट ऐकू आलं, खोटं बोलून राह्यली ते.

घरी आले तर आत्याबाईंनी माझ्या तोंडात साखर घातली. मग मिरच्या घेऊन बसल्या आणि विचारलं, "त्या गाठीचं इचारलं काय त्याईनं?"

"विचारलं."

"मंग कोनाचं म्हनून सांगतलं?"

"माझं."

त्यांनी दोन-चार देठ खुडले. रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "नऊ वर्सं मी तुमा दोघायचं बोलनं इकडून तिकडं नेलं. तुमच्यातला एक सबद मधात खाल्ला नाही मी."

पाच दिवस मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सरांना फोन केला तर ते वैतागले. "अहो बाई, निकाल लागला आहे. आता हे उकरून काढलं तर प्रबंध परत तपासणीला जाईल. पुढच्या महिन्यात तुमची कायम जागेची मुलाखत आहे, डिग्री हातात नको का? आणि जे गेले त्यांना काय फरक पडतो?" सर वाईट माणूस नाहीत. माझ्या भल्याचंच बोलत होते. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि परसात जाऊन म्हशीजवळ उभी राहिले. तिलाही काही विचारवेना.

आज सकाळी मी स्वयंपाकघरातूनच परीक्षक बाईंना फोन लावला. आत्याबाई चुलीशी भाकरी करत होत्या. मी म्हटलं, "बाई, चौथ्या प्रकरणातला विचार माझा नाही. मी खोटं बोलले." पुढे काहीच जोडलं नाही.

बाई म्हणाल्या, "कुणाचा आहे?"

"माझ्या सासऱ्यांचा."

"ते कुठे शिकवतात?"

"वरवट बकालला वांगी आणि मिरची लावायचे. बावीस दिवसांपूर्वी वारले."

मग त्यांचा आवाज आला, कडकही नाही आणि मऊही नाही. "मला हे विद्यापीठाला लेखी कळवावं लागेल. पुढे काय होईल मी सांगू शकत नाही. पुन्हा बोलावतील, कदाचित प्रकरण नव्यानं लिहायला लावतील. आणि तसं झालं तर त्यांचं नाव घालावं लागेल. पूर्ण नाव सांगा, मी लिहून घेते."

नाव! मामाजी, सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. नऊ वर्षांत मी ते कधी घेतलं नाही. दवाखान्यात तुमचा केसपेपर काढताना खिडकीतल्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं, तर मी आधार कार्ड पुढे करून बोट ठेवलं होतं. आत्याबाईंनी लग्नातल्या उखाण्यानंतर ते घेतल्याचं कुणी ऐकलेलं नाही, आणि आता तर उखाणाही उरला नाही. तिकडे बाई पेन घेऊन थांबल्या होत्या. आत्याबाईंचा हात परातीतल्या पिठात थांबला होता. डोक्यावर पदर केव्हा घेतला ते मला कळलं नाही, पण घेतलेला होता. मी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हटलं, "तोताराम ओंकार ढगे."

बाईंनी लिहून घेतलं आणि फोन ठेवला. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, आत्याबाईंनी ती उलटली नाही. पिठाच्या हातानंच डोळे पुसत त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अजून एक खेप नाव घे ना वं."